सुट्टीत किल्ली कोणाकडे?

आपल्याकडे झाडे लावण्याचा मुहूर्त ठरलेला आहे. जुलैचा पहिला आठवडा. १९५० साली कन्हैयालाल मुनशी केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि तेव्हापासून हा आठवडा पक्का झाला. पाऊस पडत असतो, माती मऊ झालेली असते, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि मुलांच्या गणवेशांची इस्त्री अजून मोडलेली नसते. फोटोला याहून चांगली वेळ नाही. रोपाच्या दृष्टीनेही ती वाईट म्हणता येणार नाही. प्रश्न येतो तो पुढच्या मे महिन्यात, आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असते.

गेली चार वर्षे मी एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या सभांना जातो. मी पालक नव्हे, आजोबा. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, आणि सभा हमखास कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्यामुळे घरातला रिकामा माणूस म्हणून माझी रवानगी होते. ‘आजोबा, तुम्ही खुशाल बसा, सही मात्र आईची किंवा वडिलांची लागेल,’ असे मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच सभेत सांगितले. तेव्हापासून मी बसतो, ऐकतो, आणि सही सून करते. शाळेचे नाव सांगत नाही. निम्म्या वाचकांना ती आपल्याच नातवंडांची शाळा वाटेल, तेव्हा नावावाचून काही अडणार नाही.

यंदा जूनमधल्या सभेत पर्यावरणाचा विषय होता. वृक्षदिंडी, दोनशे रोपांची लागवड, घोषवाक्यांची स्पर्धा, पुढे श्रावणात शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा आणि डिसेंबरात आनंद मेळावा. यादी चांगलीच होती. प्रमुख पाहुणे कोण, यावर पस्तीस मिनिटे गेली. शाल की पुष्पगुच्छ, यावर दहा. पुष्पगुच्छाऐवजी पाहुण्यांना रोपच द्यावे अशी सूचना एका ताईंनी केली, ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. दोनशे रोपे कुठली, कोणत्या जातीची, केवढ्या उंचीची, त्यांना पाणी कोण आणि किती दिवस घालणार, यावर एक मिनिटही गेले नाही. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि चहा आला.

मी बँकेत होतो, हे इथे सांगणे भाग आहे. ऐंशीच्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. १९८० पासून ही योजना देशभर सुरू झाली होती. गरीब कुटुंबाला काही कर्ज, काही अनुदान, त्यातून बहुधा एक म्हैस. म्हशीचा विमा उतरवायचा आणि खूण म्हणून तिच्या कानात बिल्ला मारायचा. मार्चअखेर किती म्हशी ‘वाटल्या’ याचे आकडे वर जात. वर्षभराने पाहणीला गेले की पुष्कळदा गोठा रिकामा असे आणि बिल्ला तेवढा कोनाड्यात जपून ठेवलेला असे. लोक बनेल होते म्हणून असे होत होते, असे मानणारे अधिकारी होते. मला ते कधीच पटले नाही. एकच म्हैस, ती आटली की घरात दूध नाही. उन्हाळ्यात चारा नाही, विहिरीला पाणी नाही, दूध घालायला जवळ केंद्र नाही. माणूस ती बाजारात नेऊन विकणार नाही तर काय करणार? उन्हाळ्यात चारा कुठून आणणार, हा रकाना कर्जाच्या अर्जात कुठेच नव्हता.

आमच्या शाळेच्या कुंपणाच्या भिंतीलगत पत्र्याच्या अकरा पाट्या आहेत. प्रत्येकीवर एका मान्यवराचे नाव, हुद्दा आणि तारीख. मी एका सकाळी सावकाश मोजदाद केली. अकरा पाट्यांमागे झाड एक. तेही गुलमोहराचे, म्हणजे मूळचे मादागास्करचे. भिंतीच्या फटीत एक पिंपळ मात्र जोमाने वाढतो आहे. तो कुणी लावलेला नाही आणि त्याला पाटीही नाही.

हे एकाच शाळेचे आहे असे समजू नये, आणि सारा दोष शिक्षकांच्या माथी मारण्याचेही कारण नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालली. २०१९ चे लक्ष्य तेहतीस कोटी रोपांचे होते. अशा मोहिमेत शाळेला परिपत्रक येते, आकडा येतो, फोटो आणि माहिती पाठवायची मुदत येते. बाईंनी वर्ग शिकवावेत, परीक्षा घ्याव्यात, निवडणुकीची कामे करावीत आणि संध्याकाळपर्यंत झाडांचे फोटोही पाठवावेत. झाड वर्षभराने आहे की नाही हे विचारायला सहसा कुणी फिरकत नाही. विचारले जाते ते माणूस करतो. हा बँकेतला नियम शाळेतही चालतो.

शाळेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष यांचे मुळातच जमत नाही. रोप जुलैत लागते. ऑक्टोबरपर्यंत पाऊस त्याला सांभाळतो. मग दिवाळीची सुट्टी, मग स्नेहसंमेलन, मग परीक्षा. फेब्रुवारीअखेरीस उन्हाचा चटका सुरू होतो, तेव्हा सगळ्यांचे लक्ष अभ्यासक्रम पुरा करण्याकडे. आणि मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, जेव्हा त्या कोवळ्या रोपाचा जीव पाण्यावाचून जातो, तेव्हा तिथे कुणीच नसते. शिपाईमामासुद्धा गावी जातात. एवढा साधा हिशेब कोणत्याही वृक्षदिंडीच्या नियोजनात मला दिसला नाही.

आता आकड्यांचा हिशेब करू. जुनी सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोनदा एक बादली, म्हणजे पंधरा लिटर पाणी धरले, तर दोनशे रोपांना एका वेळेला तीन हजार लिटर लागते. फेब्रुवारीअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत पंधरा आठवडे, म्हणजे तीस खेपा. नव्वद हजार लिटर. दहा हजारांचे नऊ टँकर. ज्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचे पाणी दुपारी दोनला संपते, तिथे हे आणायचे कुठून? तेच पंचवीस रोपे लावली तर एका खेपेला पावणेचारशे लिटर पुरते. दोन पिंपे. शाळा चालू असताना तर मुलांच्या बाटल्यांतले उरलेले पाणीही कामी येते. सहाशे मुलांनी घोट-दोन घोट, म्हणजे शंभर मिलिलिटर, जाता जाता पिंपात ओतले तर दिवसाला साठ लिटर होते. सुट्टीतले सहा आठवडे उरतात. बारा खेपा. प्रत्येक खेपेला दोन माणसे धरली तर चोवीस माणसे. सहाशे मुलांमागे पाचशे कुटुंबे तरी असतील. त्यातली चोवीस.

पालक-शिक्षक संघाचा उपयोग मला नेमका इथे दिसतो. शिक्षकांची सुट्टी असते, मुले मामाच्या गावाला जातात. पण पाचशे कुटुंबे एकाच वेळी गावाला जात नाहीत. शाळा बंद असतानाही जी एकच गोष्ट चालू राहू शकते, ती म्हणजे हा संघ. आणि आपण त्याला काय काम देतो? मंडप, माईक आणि पाहुण्यांचा चहा.

कायद्याने पालकांना जागा दिलेली नाही असेही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले. आपल्या राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाचीही तरतूद केली. पण खुर्ची मिळणे वेगळे आणि बोललेले इतिवृत्तात लिहिले जाणे वेगळे. जूनच्या त्याच सभेत शेवटून दुसऱ्या रांगेत एक गृहस्थ होते. रोपवाटिकेत काम करतात. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आले होते. ते उभे राहून म्हणाले, ‘बाई, खड्डे आता कशाला? खड्डे उन्हाळ्यात काढायचे असतात. माती ऊन खाते, किडे मरतात. मग शेणखत भरायचं. आणि दोन पानांची रोपं नका आणू, पुरुषभर उंचीची आणा, थोडी आणा.’ आणखी एक त्यांनी सांगितले, की करंज, बहावा, कांचन, कडुनिंब ही आपल्या मातीतली झाडे एकदा धरली की फार लाड मागत नाहीत. सभेत त्या दिवशी बोलले गेलेले सर्वांत शहाणपणाचे बोलणे तेच. इतिवृत्त मी नंतर मुद्दाम मागून वाचले. त्यात शाल आणि पुष्पगुच्छ होते. हे गृहस्थ नव्हते.

दुसरी गोष्ट प्रकल्पांची. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. हेतू फार चांगला होता. पण विषय झाला की गुण आले, गुण आले की प्रकल्प आला, आणि प्रकल्प आला की तो रात्री अकरानंतर आयांच्या मांडीवर येतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात ‘जलचक्र’, ‘पवनचक्की’ आणि ‘प्रदूषित नदी’ ही तयार मिळतात. राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर २०१८ साली बंदी आली. तरी नंतरच्या एका प्रदर्शनात ‘प्लॅस्टिकमुक्त गाव’ या नावाचा देखावा मी थर्माकोलवर उभारलेला पाहिला. वर पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन, धूळ बसू नये म्हणून. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला कुणाला मिळाला ते पाहायला मी थांबलो नाही.

मुले या सगळ्यातून काय शिकतात, याची मला खरी काळजी वाटते. माझी नात पाचवीत आहे. वृक्षदिंडीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, ‘आबा, आमच्या वर्गाला या वर्षी सोपं आहे. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावायचंय.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उपहास तर नव्हताच. दरवर्षी रोप लावायचे असते, ते मरायचे असते आणि खड्डा तयार मिळतो, हा तिच्या लेखी सृष्टीचा क्रम झाला होता. जसा पावसाळ्यानंतर हिवाळा. अकराव्या वर्षी ज्या मुलीला हे स्वाभाविक वाटू लागले, ती उद्या नगरपालिकेच्या कागदावरचा रस्ता, कागदावरचा नाला आणि कागदावरचा दवाखानाही स्वाभाविकच मानील. झाड गेले याचे दुःख आहेच; पण पुन्हा लावता येते ते झाड. तिच्या मनातला तो खड्डा कशाने भरायचा?

आनंद मेळाव्याचे तसे बरे आहे. मागच्या डिसेंबरात भेळ, इडली, ताक यांचे तीस टेबल लागले आणि संध्याकाळी कागदी-प्लॅस्टिकच्या बशांचा ढीग कमरेइतका झाला. आतून प्लॅस्टिकचा थर दिलेली कागदी बशी कुजत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ‘घरून ताटली-वाटी आणा’ अशी सूचना आली तेव्हा ‘पाहुण्यांपुढे बरे दिसत नाही’ असा आक्षेप निघाला. शेवटी एक आई म्हणाल्या, त्यांच्या बचत गटाकडे लग्नकार्याला भाड्याने देण्याच्या दोनशे स्टीलच्या ताटल्या आहेत. भाडे नको, धुवायला माणसे द्या. प्रश्न दोन मिनिटांत सुटला. यंदाच्या मेळाव्यात सहावी-सातवीची मुले, मुलगे धरून, भांडी धुवायला बसणार आहेत. एका वडिलांनी ‘मुलगे कशाला?’ असे विचारून पाहिले. त्यांना बायकांच्या रांगेतून जे उत्तर मिळाले ते इथे छापण्याजोगे नाही.

दोनशे रोपांचे काय झाले? जुलैत लागली. पाहुणे आले, पाऊसही आला. पण त्यानंतरच्या सभेत ठराव झाला, की पुढच्या वर्षी पंचवीसच लावायची, खड्डे एप्रिलमध्ये रोपवाटिकेतल्या त्या गृहस्थांच्या देखरेखीखाली काढायचे आणि यंदाच्यांपैकी सप्टेंबरअखेर जी धरतील तेवढीच जगवायची जबाबदारी घ्यायची. सध्या त्रेचाळीस तग धरून आहेत. मी त्यांची एक वही केली आहे. प्रत्येक रोपाला खाते क्रमांक, महिन्याला एक नोंद. नात तिला ‘झाडांचं पासबुक’ म्हणते. पाटीवर यापुढे मान्यवराऐवजी झाडाचे नाव लिहायचे ठरले आहे, आणि तेही झाड दोन उन्हाळे काढील तेव्हा.

मेमधल्या पाण्यासाठी एकतीस कुटुंबांनी नावे दिली आहेत. अडले आहे ते फाटकाच्या आणि पंपाच्या किल्लीपाशी. सुट्टीत किल्ली बाहेरच्या माणसाकडे देण्याचा अधिकार मुख्याध्यापिकांना नाही, त्यासाठी संस्थेची मंजुरी लागते. पालकांना ‘बाहेरची माणसे’ का म्हणावे, हे मी बाईंना विचारले; त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अर्ज करा, मी शिफारस लिहिते.’ अर्ज दिला आहे, एकतीस सह्यांसह. माझ्या सुनेची सही चौथी आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे आणि संस्थेच्या कार्यालयात मी दर सोमवारी जाऊन येतो.