दोन आवाज, तेरा आल्बम

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला डुलुथ नावाचे बंदर आहे. लोहखनिज बोटींत भरून देणारे, लाखाच्या आतल्या वस्तीचे, कडाक्याच्या हिवाळ्याचे शहर. बॉब डिलन जन्माने इथलेच, पण ते इथे राहिले नाहीत. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर मात्र राहिले. शाळेपासून एकमेकांना ओळखणाऱ्या या जोडप्याने १९९३ मध्ये ‘लो’ हा रॉक बँड सुरू केला. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी पार्कर कर्करोगाने गेल्या, तोपर्यंत त्यांचे तेरा आल्बम झाले होते. गल्लोगल्ली वाजले असे एकही गाणे त्यांत नाही. तरीही गेल्या तीस वर्षांतल्या इंग्रजी रॉक संगीतात इतक्या सातत्याने आणि इतक्या निर्भयपणे वाढत गेलेले काम फार थोडे आहे. ते कसे वाढले हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवातीच्या काळाची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. १९९३ हे साल ग्रंजचे. निर्वाणा, पर्ल जॅम यांच्या कर्कश गिटारींनी अमेरिकी तरुणाई भारून गेली होती. अशा वेळी डुलुथच्या या तिघांनी (तिसरा वादक बेसवर, ती जागा पुढे बदलत राहिली) नेमके उलटे केले. लय शक्य तितकी संथ ठेवली आणि आवाज शक्य तितका हळू. पार्कर उभ्याने ड्रम वाजवत. त्यांच्यापुढे एक स्नेअर, एक फ्लोअर टॉम आणि एक झांज एवढेच असे, आणि तेही काठीने क्वचित, बहुधा ब्रशने. गिटारचा एक स्वर छेडायचा, तो विरेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा. बारमध्ये बियर पीत गप्पा मारणाऱ्या गर्दीपुढे असे वाजवणे हे धाडसच होते. गलका वाढला की दुसरे बँड ॲम्प्लिफायर वाढवतात. हे लोक आवाज आणखी उतरवत. मग कुणी निघून जाई, कुणी जमिनीवर बसकण मारून ऐकू लागे. १९९४ चा पहिला आल्बम ‘आय कुड लिव्ह इन होप’ याच रीतीचा आहे. पत्रकारांनी या शैलीला ‘स्लोकोर’ असे नाव देऊन टाकले. बँडला ते कधीच आवडले नाही.

विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला संथपणाचे अप्रूप वाटणार नाही. पण दोन्हींत फरक आहे. विलंबित एकतालात दोन मात्रांमधली जागा मोठी असते ती भरण्यासाठी; आलाप, बोलआलाप, मींड तिथे पसरतात आणि समेची ओढ सतत जाणवत राहते. ‘लो’च्या गाण्यात ती जागा रिकामीच ठेवलेली असते. तिथे कुणी कसब दाखवत नाही, की समेवर येऊन दादही घेत नाही. श्रोत्याला पुढच्या स्वराची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहताना आधीचा स्वर पुन्हा ऐकावा लागतो. ‘ललबाय’ हे पहिल्या आल्बममधले दीर्घ गाणे या दृष्टीने ऐकण्याजोगे आहे. त्याची गती क्षणाक्षणाने बदलते, पण ती बदलली हे आपल्या ध्यानात फार उशिरा येते.

असे असले तरी संथपणा हे या बँडचे मर्म नव्हे, असे आमचे मत आहे. तो त्यांनी पुढे सोडून दिला. हळू आवाजही सोडला. कमीत कमी वाद्यांचा नेम मोडला, आणि शेवटी तर वाद्ये ओळखूही येऊ नयेत इथवर ते गेले. एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवली: दोघांचे एकत्र गाणे. स्पारहॉक यांचा आवाज कोरडा, किंचित धार असलेला. पार्कर यांचा सरळ, कंप नसलेला, बहुधा त्याच्या वरच्या स्वरावर ठेवलेला. दोघे एकाच क्षणी शब्द उचलतात आणि एकाच क्षणी सोडतात. श्वासही एकाच ठिकाणी घेतात. भोवती इतके थोडे वाजत असताना जराही मागेपुढे झाले तर लगेच उघडे पडेल. रॉक संगीतात सहगायन हे बहुधा ध्रुवपदाला वजन आणण्यासाठी असते. इथे ते गाण्याचा पाया आहे. म्हणूनच पुढे त्यावर कितीही मोडतोड करता आली.

व्हर्जिन कंपनीच्या व्हर्नन यार्ड या शाखेने पहिले तीन आल्बम काढले. नंतर हा बँड शिकागोच्या क्रँकी या छोट्या कंपनीकडे गेला आणि तिथे त्यांचे पहिले खरोखर मोठे काम झाले. ‘सीक्रेट नेम’ (१९९९) आणि ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ (२००१) हे दोन्ही स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केले. अल्बिनी सजावटीचे शत्रू. खोलीत जे वाजते ते खोलीसकट टेपवर यावे हा त्यांचा आग्रह होता, आणि ‘लो’ला नेमके तेच हवे होते. ‘थिंग्ज वी लॉस्ट...’मध्ये व्हायोलिनसारखी वाद्येही आहेत, आणि चाली अधिक सुरेल झाल्या. ‘लेझर बीम’सारख्या गाण्यात पार्कर जवळजवळ एकट्याच गातात. त्यांच्या घरात तेव्हा तान्ही मुलगी होती. शेवटचे गाणे मूल मोठे होत जाण्याविषयी आहे, आणि आईबापांना ते लहानच राहावे असे वाटण्याविषयी. १९९९ चा नाताळचा छोटा आल्बम याच काळातला. त्यातले ‘लिटल ड्रमर बॉय’ कपड्यांच्या एका बड्या कंपनीच्या जाहिरातीत वाजले आणि बँडचे नाव ठाऊक नसलेल्या लाखो लोकांनी ते ऐकले.

हे दोघे मॉर्मन पंथाचे, श्रद्धावान. त्यांच्या गाण्यांत देव येतो, पण सांत्वन करणारा म्हणून क्वचितच. २००५ च्या ‘द ग्रेट डिस्ट्रॉयर’मध्ये गिटारी अचानक गरजू लागल्या, आणि जुने श्रोते बिचकले. त्याच वर्षी स्पारहॉक यांची मनःस्थिती ढासळली. त्यांनी ते जाहीरपणे सांगून दौरा रद्द केला. दोन वर्षांनी ‘ड्रम्स अँड गन्स’ आला तेव्हा इराकमध्ये युद्ध सुरू होते. या आल्बमचे पहिलेच गाणे सैनिकांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सर्वांना मरण आहे असे सपाट स्वरात सांगते. ‘मर्डरर’मध्ये एक भक्त देवाला सांगतो, तुझ्या कामासाठी मारेकरी हवा असेल तर मी आहे. श्रद्धेच्या पोटातली हिंसा इतक्या जवळून, आणि श्रद्धा न सोडता, दाखवणारे गाणे विरळा. ध्वनिमुद्रणही मुद्दाम तिरपे आहे: कित्येक गाण्यांत गायन एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये ढकललेले आहे. हेडफोन लावला की अर्धे डोके रिकामे राहते. हा आल्बम फारसा खपला नाही. आमच्या मते त्यांच्या कामाचे वळण इथे आहे, कारण आवाजाची मांडणी हाच आशय होऊ शकतो हे त्यांना इथे उमगलेले दिसते.

नंतरचे ‘कमॉन’ (२०११) आणि ‘दि इनव्हिजिबल वे’ (२०१३) हे तुलनेने शांत. पहिला डुलुथमधल्या एका जुन्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला, दुसऱ्याचे निर्माते विल्को बँडचे जेफ ट्वीडी. दुसऱ्यात पार्कर यांची गाणी अधिक आहेत. त्यातले ‘होली घोस्ट’ त्याच वर्षी गायिका मेव्हिस स्टेपल्स यांनी आपल्या आल्बममध्ये गायले. लेड झेपलिनचे रॉबर्ट प्लांट यांनी तर त्याआधीच, २०१० मध्ये, ‘लो’ची दोन गाणी आपल्या आल्बममध्ये घेतली होती. कलावंतांमध्ये या जोडप्याचा मान किती होता हे यावरून कळते.

जून २०१३ मध्ये मिनिआपोलिसला एका उघड्यावरच्या महोत्सवात त्यांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ होता. त्यांनी एकच गाणे वाजवले, सत्तावीस मिनिटे. ‘डू यू नो हाऊ टू वॉल्ट्झ?’ हे १९९६ मधले गाणे, आणि त्यातही बराचसा वेळ एकच लांबवलेला, गुरगुरणारा स्वर. शेवटी स्पारहॉक यांनी मानवरहित युद्धविमानांच्या विरोधात तीन शब्द उच्चारले आणि ते निघून गेले. श्रोत्यांपैकी कित्येक जण संतापले आणि शहरात वाद माजला. पण त्यातूनच पुढच्या वर्षीपासून त्याच शहरात सलग अठ्ठावीस तास एकच स्वर धरून ठेवणारी मैफल निधी उभारण्यासाठी भरू लागली.

अखंड स्वराची ही रीत अमेरिकी रॉकमध्ये आली ती मुख्यत्वे संगीतकार ला माँट यंग यांच्याकडून. १९६० च्या दशकात त्यांच्या वादकसमूहात असलेले जॉन केल यांनी ती व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमध्ये नेली. यंग स्वतः १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ आणि प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ हे याच घराण्याचे दोन आधारस्तंभ. आपल्या तंबोऱ्याच्या अखंड षड्जाशी या रीतीचे नाते किती जवळचे आहे, हे मराठी रसिकाने जरूर जाणावे.

‘डबल निगेटिव्ह’ (२०१८) ऐकताना प्रथम यंत्रच बिघडले असे वाटते. निर्माते बी. जे. बर्टन यांच्या साथीने त्यांनी गाणी आवाजाच्या पातळीवर फोडली. एक ठोका पडला की बाकीचे सारे दबते, आणि लगेच धाप लागल्यासारखे उसळून वर येते. गिटार कुठली, ड्रम कुठला, हे सांगता येत नाही. मग ‘फ्लाय’ सुरू होते आणि त्या ढिगाऱ्यातून पार्कर यांचा आवाज जवळजवळ अखंड वर येतो. ऐकणाऱ्याला तेवढ्यात कळते की इतका वेळ आपण काय शोधत होतो. ‘हे व्हॉट’ (२०२१) हा त्याचा पुढचा टप्पा, या वेळी फक्त दोघांचा. ‘डेज लाइक दीज’ या गाण्याची सुरुवात दोघांच्या स्वच्छ, प्रार्थनेसारख्या गायनाने होते. पुढे तेच गायन, तीच चाल, यंत्रातून फाडून काढल्यासारखी येते. चाल तुटत नाही. सूरही ढळत नाही. पंचवीस वर्षे एकत्र श्वास घेण्याचा सराव नसता तर हा प्रयोग निव्वळ गोंगाट ठरला असता. या आल्बमला उत्कृष्ट ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमीचे नामांकन मिळाले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. मोडलेल्या आवाजामागची कारागिरी जाणकारांनी ओळखली.

विशेष हे की सर्वांत धाडसी हे दोन आल्बम बारावा आणि तेरावा आहेत. बहुतेक रॉक बँडांचे उत्तम काम पहिल्या पाच-सात वर्षांत होऊन जाते. नंतर जुनी गाणी वाजवत फिरणे उरते. ‘लो’ला वेगळे घडवता आले, त्यामागे काही व्यावहारिक कारणे आहेत. ते न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला गेले नाहीत, त्यामुळे खर्च बेताचा राहिला. मुले लहान असताना त्यांना सोबत घेऊन दौरे केले. २००५ पासून ते सिएटलच्या सब पॉप कंपनीकडे होते. ग्रंजच्या ज्या लाटेविरुद्ध ते उभे राहिले ती लाट उठवणारीच ही कंपनी. पण तिने एकामागून एक सात आल्बम काढले, आणि मधला एखादा पडला तरी हात सोडला नाही. ‘स्वतंत्र’ संगीताचा अर्थ अलीकडे घरी बसून ध्वनिमुद्रण करणे आणि स्वतःच ते प्रसारित करणे असा घेतला जातो. त्यात स्वातंत्र्य आहे, पण पाठीशी कुणी नसते. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे धरतात. ‘लो’ची कित्येक गाणी तीस सेकंदांत जेमतेम सुरू झालेली असतात. असा बँड आज सुरू झाला तर त्याला तेराव्या आल्बमपर्यंत कोण पोहोचवील, हा प्रश्न आमच्या मते खरा चिंतेचा आहे. तो केवळ अमेरिकेपुरताही नाही.

पार्कर यांना कर्करोगाचे निदान झाले ते २०२० च्या अखेरीस. उपचार चालू असताना ‘हे व्हॉट’ आला. त्यांच्यामागे स्पारहॉक यांनी ‘लो’ हे नाव पुन्हा कुठल्याही नव्या आल्बमवर घातलेले नाही, आणि तेच योग्य आहे. २०२४ मध्ये त्यांचा ‘व्हाइट रोझेस, माय गॉड’ आला. त्यात त्यांनी आपला आवाज यंत्रातून इतका बदलला आहे की तो बाईचा की पुरुषाचा, तरुणाचा की वृद्धाचा हे कळत नाही. सोबतीचा आवाज नसताना स्वतःच्या मूळ आवाजात गाणे त्यांना शक्य झाले नसावे, असे ऐकताना वाटत राहते. मग २०२५ मध्ये डुलुथच्याच ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ या ब्लूग्रास बँडबरोबर त्यांनी दुसरा आल्बम केला. बँजो, मँडोलिन, फिडल, आणि स्पारहॉक यांचा उघडा, न बदललेला गळा. एका गाण्यात त्यांची मुलगीही गाते. ‘हेवन’ आणि ‘गेट स्टिल’ ही गाणी दोन्ही आल्बममध्ये आहेत. नव्या श्रोत्याने ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’पासून सुरुवात करावी, मग ‘डबल निगेटिव्ह’कडे जावे, आणि त्यानंतर ‘हेवन’ची ही दोन रूपे लागोपाठ ऐकावीत.