खारघरचं प्रोटॉन मशीन चालवायला फिजिक्सवाले कुठून येणार?

नवी मुंबईतली मोठी बातमी म्हटलं की आपल्याला विमानतळ, मेट्रो, डेटा सेंटर एवढंच आठवतं. पण खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक संस्थेत एक असं यंत्र उभं आहे, जे खरं तर फिजिक्सच्या पुस्तकातून थेट हॉस्पिटलमध्ये आलंय. ११ मे २०२३ रोजी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, इथल्या हॅड्रॉन बीम उपचार केंद्राचं लोकार्पण झालं. देशातलं पहिलं प्रोटॉन केंद्र २०१९ मध्ये चेन्नईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात सुरू झालं होतं. सरकारी क्षेत्रातलं पहिलं मात्र आपल्या खारघरचं.

बातम्यांत यंत्राचे फोटो भरपूर आले. ते चालवणाऱ्या माणसांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आज त्यांच्याबद्दल.

आधी यंत्र काय करतं ते बघू

नेहमीच्या रेडिओथेरपीत क्ष-किरण वापरतात. ते शरीरात शिरतात, वाटेत ऊर्जा सांडत जातात, गाठीवर काही देतात आणि पलीकडून बाहेर पडतात. हार्बर लाइनच्या लोकलसारखं समजा. प्रत्येक स्टेशनवर माणसं उतरतात, आणि आपलं स्टेशन गेलं तरी गाडी पुढे जातच राहते.

प्रोटॉनचं तसं नाही. तो वेगात असताना वाटेत कमी ऊर्जा सोडतो. जसजसा मंदावतो तसतशी जास्त सोडतो, आणि अगदी शेवटी बाकीची सगळी एकदम. म्हणजे वाटेत थोडेच उतरले आणि पनवेलला गाडी पूर्ण रिकामी! पुढे रूळच नाहीत. याला 'ब्रॅग पीक' म्हणतात. कॅन्सरसाठी याचा उपयोग करता येईल, हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं.

सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र प्रोटॉनला २३० एमईव्ही इतकी ऊर्जा देतं. तेव्हा त्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के असतो आणि तो पाण्यात साधारण ३३ सेंटीमीटर जातो. ऊर्जा कमी केली की तो आधी थांबतो. लहान मुलांच्या मेंदूतल्या किंवा मणक्याजवळच्या गाठींसाठी हे फार मोलाचं, कारण गाठीमागचा निरोगी भाग वाचतो. सगळ्याच कॅन्सरला याची गरज नसते, बहुतेक रुग्णांना क्ष-किरणांची आधुनिक यंत्रं पुरतात, हेही लक्षात ठेवा.

खरी अडचण: नक्की कुठे थांबणार?

जी गोष्ट प्रोटॉनची ताकद, तीच त्याची जोखीम. तो कुठे थांबेल हे सीटी स्कॅनवरून काढतात. पण सीटी स्कॅन क्ष-किरणांचा असतो. त्यातले आकडे प्रोटॉनसाठी रूपांतरित करावे लागतात आणि त्यात साधारण ३ टक्क्यांची अनिश्चितता धरतात. गाठ २० सेंटीमीटर खोल असेल तर ३ टक्के म्हणजे ६ मिलिमीटर. मज्जारज्जूच्या शेजारी ६ मिलिमीटर म्हणजे खूप झालं.

त्यात उपचार काही आठवडे चालतात. या काळात रुग्णाचं वजन उतरतं, गाठ आक्रसते. प्रोटॉनची वाट बदलते, म्हणून पुन्हा स्कॅन, पुन्हा गणित.

हे गणित सॉफ्टवेअर करतं. मी स्वतः सॉफ्टवेअरवालाच, त्यामुळे इथे मला राहवत नाही. आमच्याकडे चुकीचा कोड लाइव्ह गेला तर रात्री बसून जुनी आवृत्ती परत टाकतो. इथे शरीरात गेलेला डोस परत घेता येत नाही. म्हणून सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी बीम तपासायचा, प्लॅन आधी रुग्णाऐवजी पाण्यावर किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर चालवून मोजायचा, आणि आकडे जुळले तरच पुढे जायचं. हे काम मेडिकल फिजिसिस्टचं. डोस किती ते डॉक्टर ठरवतात, तो तिथेच पोहोचतोय याची जबाबदारी याची.

तो येतो कुठून?

विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटमधून! अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार नेहमीचा मार्ग असा: एमएस्सी फिजिक्स, त्यानंतर रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, मग मान्यताप्राप्त रेडिओथेरपी विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप. भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिप्लोमा यातला सगळ्यांत जुना. तो अणुशक्तीनगरला, म्हणजे वाशीची खाडी ओलांडली की आलाच.

गंमत बघा, माझी इंजिनिअरिंगची डिग्री इथे चालत नाही. बारावीनंतर घरोघरी 'बीएस्सी करून काय करणार?' असं विचारतात आणि मार्क असलेली मुलं इंजिनिअरिंगकडे वळतात. मीही तसाच वळलो. पण या कामाचा दरवाजा नेमका बीएस्सी-एमएस्सीवाल्यांनाच उघडतो, आणि तोही दोन वर्षं आणखी घासल्यावर. यंत्र ऑर्डर देऊन आणता येतं, हा माणूस बारावीनंतर सातेक वर्षांनी तयार होतो.

म्हणून पुढच्या वेळी कुठे नवं कॅन्सर केंद्र जाहीर झालं, की यंत्राची किंमत वाचून थांबू नका. फिजिसिस्टची पदं किती आणि त्यातली भरलेली किती, हा प्रश्न विचारा. यंत्र एकाच वेळी एकाच खोलीत बीम देतं. तपासणारी माणसं कमी असली तर दिवसाचे रुग्णही कमीच होणार, आणि रांगेत कुणाचं तरी मूल असणार.

घरात कुणी फिजिक्सला बसलं असेल तर हा लेख त्याला किंवा तिला दाखवा. डिप्लोमाच्या जागा थोड्या असतात आणि निवड चाळणी लावून होते, त्यामुळे एमएस्सीच्या शेवटच्या वर्षापासूनच जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांगा.