खेळते मूल आणि वजनाचा काटा

दहा-बारा वर्षांच्या मुलांत बऱ्याचदा वजन आधी वाढते आणि उंची मागून. मुलींमध्ये हा बदल बहुधा नवव्या-दहाव्या वर्षी सुरू होतो, मुलग्यांमध्ये एक-दोन वर्षे उशिरा. पोट, कंबर, मांड्या भरू लागतात, मागच्या वर्षीचा गणवेश कमरेत दाटतो आणि मग उंची झपाट्याने वाढते. ऐन वाढीच्या काळात मुलगी वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंच होते. या वाढीची शिदोरी शरीर आधीच बांधून ठेवते. म्हणून रोज खो-खोच्या सरावाला जाणारी सहावीतली मुलगी अंगाने भरली, तर ती आळशी किंवा खादाड झाली असा अर्थ निघत नाही. खेळाने स्नायू वाढतात, हाडे भरतात आणि काट्यावर त्यांचेही वजन येते.

वजन खरोखर जास्त आहे का, हे नजरेने ठरत नाही. उंचीच्या तुलनेत वजन पाहणाऱ्या बॉडी मास इंडेक्सची मोठ्यांसाठीची मर्यादा मुलांना लावता येत नाही. मुलांची मर्यादा वयानुसार बदलते आणि मुलगा-मुलगी यांच्यासाठी वेगळी असते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. बालरोगतज्ज्ञ ठरावीक काळाने उंची आणि वजन या तक्त्यावर मांडतात. एका नोंदीपेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची असते. वजनाची रेषा वर चढत असताना उंची थांबली असेल, तर थायरॉइडसारख्या कारणांचा शोध घ्यावा लागतो. मूल झोपेत रोज घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. मानेवर काळसर, जाडसर, मखमली पट्टा दिसला की घरोघरी तो मळ समजून साबणाने किंवा उटण्याने घासला जातो. तो मळ नसतो. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते.

तक्त्यावर वजन जास्त निघाले तरी या वयात डाएट हा उपाय नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २०६० किलोकॅलरी लागतात, तर बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला १६६०. आईने स्वतःसाठी आखलेला आहार मुलीला लावला, तर तिची उपासमार होते. वाढत्या मुलाचे वजन घटवण्यापेक्षा ते काही काळ स्थिर ठेवणे बहुधा पुरेसे असते. उंची वाढली की प्रमाण आपोआप जुळते. वजन फारच जास्त असेल तर उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावेत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१६ मध्ये स्पष्ट केले की डाएट, घरातली वजनाची चर्चा आणि वजनावरून चिडवणे यांमुळे स्थूलता आणि खाण्याचे विकार या दोन्हींचा धोका वाढतो. घरच्यांनी एकत्र बसून जेवणे मात्र उपयोगी पडते.

खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत खरी अडचण वेळेची असते. शाळेतला डबा दुपारीच संपतो, सराव संध्याकाळी सुटतो आणि मधल्या चार-पाच तासांत पोटात काहीच नसते. मैदानाबाहेर पडताच वडापाव, वेफर्स, थंड पेय हाती येते आणि तरीही रात्री भूक राहतेच. सरावाच्या तासभर आधी केळे, पोळीचा रोल किंवा दाण्या-गुळाचा लाडू द्यावा. नंतर उकडलेले अंडे, मोड आलेली उसळ किंवा ताक द्यावे. एवढ्याने रात्रीचे अधाशासारखे खाणे बरेच कमी होते. दहा ते बारा वयाच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह लागते, त्यामुळे पालेभाज्या आणि कडधान्ये कमी पडू देऊ नयेत. गोड पेये घरात आणणे बंद करायचे तर ते सगळ्यांसाठी करावे. भावाला सरबत आणि बहिणीला पाणी दिले, तर तिला शिक्षा झाल्यासारखेच वाटते. झोप नऊ तासांपेक्षा कमी नसावी.

सर्वांत खोल जखम शब्दांची होते. लग्नकार्यात कोणी मावशी सहज म्हणते, ‘किती सुटली गं ही!’ आणि मुलगी त्या दिवसापासून फोटोत मागच्या रांगेत उभी राहू लागते. अशा वेळी आईवडिलांनी तिथल्या तिथे, मुलीच्या देखत, ‘तिच्या अंगाविषयी बोलायचं नाही’ असे ठामपणे सांगावे. मुलीने ‘मी जाडी आहे का?’ असे विचारले, तर ‘छे, कुठे!’ म्हणून तो प्रश्न उडवू नये आणि ‘हो, जरा कमी खा’ असेही म्हणू नये. कोण काय म्हणाले ते आधी ऐकून घ्यावे. मग ‘या वयात शरीर असंच बदलतं, पुढे उंचीही वाढेल’ असे खरे तेच सांगावे. आईने आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावे ठेवली, तर मुलगी तेच शिकते. मुलग्यांनाही या चिंतेतून सुटका नाही. वयात येताना अनेकांच्या छातीवर तात्पुरता फुगवटा येतो, तो बहुधा एक-दोन वर्षांत जातो. पण तोवर मुलगा पोहायला जाणे टाळतो.

मैदानावर सर्वांसमोर वजन घेणे, टोपणनावाने हाक मारणे, घट्ट गणवेशाची सक्ती करणे हे प्रशिक्षकांनी थांबवावे. चिडवण्याला कंटाळून मुले खेळ सोडतात आणि तब्येतीला सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्टच त्यांच्या हातून सुटते.

डबा न खाताच परत येणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, उकाड्यातही जॅकेट न काढणे, दुखापत असूनही व्यायाम न थांबवणे, चक्कर येणे, सुरू झालेली पाळी थांबणे या खाण्याच्या विकाराच्या खुणा असू शकतात. यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. मनाच्या मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. बाकी मुलांना खेळू द्यावे, पोटभर जेवू द्यावे, आणि त्यांच्या अंगाविषयी घरात कोणी बोलणार नाही याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.