खिशातला पहारेकरी

दिवाळीत घरात नवा मोबाइल आला की चिरंजीव पाहतात कॅमेरा आणि वडील पाहतात किंमत! १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभ्या राहिलेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाला हजारो व्हॅक्यूम ट्यूब लागल्या होत्या. त्याहून कितीतरी चलाख यंत्र आज भाजीवालीच्या पिशवीतही वाजते. पण वाचकहो, ते वेळेवर वाजेल का?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक गाव लागते. जवळच इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, भर पावसात, तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडींच्या धोक्याच्या यादीत वाडीचे नावच नव्हते.

त्याच वर्षी देशात मोबाइलवरून इशारा देण्याच्या चाचण्या झाल्या. टॉवरच्या टप्प्यातले सारे फोन एकदम मोठ्याने वाजतात. कुणाचा नंबर ठाऊक असावा लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सोय नामी खरी! पण फोनने वाजायचे कुणाच्या सांगण्यावरून? त्यासाठी डोंगरावर पर्जन्यमापक हवा, मातीत पाणी किती मुरले ते सांगणारे यंत्र हवे, वाडीपर्यंत रेंज हवी आणि सर्वांआधी यादीत वाडीचे नाव हवे.

यंदा नवा फोन घ्याल, तेव्हा त्यातले धोक्याचे इशारे चालू आहेत ना, तेवढे पाहा. आणि इर्शाळगड चढायला गेलात, तर खाली चौकात घटकाभर थांबून त्या वाडीची आठवण मुलांना सांगा.