खजिना गावातच आहे, राव!

परीक्षा संपली की शाळेत 'ट्रेझर हंट' ठरतो. मग काय? बाकाखाली चिठ्ठी, कुंडीमागे चॉकलेट. अर्ध्या तासात खेळ खल्लास! सहावी-सातवीची पोरं एवढ्यावर खूश होतील?

पुणतांब्यात तर खजिना गावभर पसरलाय. चांगदेवांची समाधी इथलीच. म्हणून पहिली चिठ्ठी कोरीच द्या! चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी किती ओव्यांचं उत्तर दिलं, ते पोरांनी शोधायचं. ६५ सापडले की पुढची चिठ्ठी. दुसरी स्टेशनची: दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीची गाडी कुठल्या बाजूला वळते? तिसरी सगळ्यांत भारी: १ जून २०१७ ला शेतकरी संपावर का गेले, हे संपात असलेल्या एखाद्या आजोबांनाच विचारायचं. उत्तर मोबाइलवरही मिळेल, पण आजोबांचा आवाज नाही मिळणार.

पाच-पाचचे गट करा, मुलं-मुली एकत्र. प्रत्येक गटासोबत कॉलेजचा एक दादा किंवा ताई. वेळ सकाळी ७ ते ९, उन्हाच्या आत. रुळांवर आणि गोदावरीच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही. खर्च म्हणाल तर कागद नि पेन.

उद्या हीच पोरं शिकायला पुण्या-नाशकाला जातील. गाव सोडण्याआधी ते एकदा नीट बघू तर द्या!