तळ्यातला गणपती आणि नावाड्याचे कान

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला, नाना फडणविसांनी बांधवलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आहे. तेथे तळे डोळ्यांसमोर असते. घाट चढून पुण्याला गेलेल्या आम्हा कर्जत-खालापूरकरांना सारसबागेत मात्र प्रश्न पडतो : भोवती हिरवळ असताना हा ‘तळ्यातला गणपती’ कसा?

तर, तळे होते. पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिल्यावर नानासाहेब पेशव्यांनी पायथ्याशी ते करवले आणि मधोमध लहानसे बेट राखले. बेटावर बाग झाली. १७८४ साली सवाई माधवरावांनी तेथे गणपतीची स्थापना केली. त्यांचा जन्म १७७४ चा; म्हणजे स्थापना करणारे पेशवे दहा वर्षांचे होते आणि कारभार नानांच्याच हाती होता. विसाव्या शतकात तळे बुजले, १९५३ साली त्या परिसरात पेशवे पार्क झाला. बेट जमिनीला मिळाले. पाणी उरले ते नावात.

नावासोबत एक दंतकथाही उरली. पेशवे गुप्त मसलतींसाठी होडीत बसून तळ्यात जात आणि बातमी फुटू नये म्हणून वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवीत. ही कथा नेहमी पेशव्यांच्या चातुर्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. खरी की खोटी, एवढाच वाद तिच्याभोवती होतो.

आम्हाला तो वाद अपुरा वाटतो. आमच्या रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या नांदले; हबशी माणसाला मराठी परकीच असणार, हे गृहीतक येथे टिकत नाही. आणि एखादा नावाडी नवखा असला, तरी रोज कानांवर पडणारी भाषा त्याला किती दिवस परकी राहील? नावाड्याला काय कळत होते, हे ही कथा सांगत नाही. त्याला काही कळत नाही, असे होडीत बसलेल्यांना मानायचे होते, एवढेच ती सांगते.

दंतकथा वर्गात शिकवताना आपण तिच्यातला इतिहास शोधतो आणि न सापडल्यास तिला बाजूला सारतो. त्याऐवजी ती कोणाला बोलू देते आणि कोणाला बहिरे ठरवते, हे विचारावे, असे आमचे मत आहे. तळे बुजले तरी नावाने ते जपले. त्या नावाड्याचे मात्र नावही कोणी जपले नाही.