हा ‘एक्स’ आला कुठून?

मालिका बरी चाललेली असते. हिरो-हिरॉईनचं भांडण मिटलंय, सासूबाई जरा मवाळ झाल्यात, घरात पूजा आहे. आरती संपते आणि दारात एक मुलगी उभी. हातात ट्रॉली बॅग, डोळ्यांवर गॉगल. हिरोच्या हातातलं ताट पडतं. तीनदा पडतं, तीन वेगवेगळ्या अँगलने. कोण ही? तर हिरोचं कॉलेजमधलं प्रेम!

दोनशे एपिसोड झाले. त्यात हिरोच्या कॉलेजचा विषय निघाला, जुने मित्र घरी जेवून गेले, आईने त्याच्या लहानपणच्या सगळ्या खोड्या सुनेला सांगून झाल्या. पण या बाईचं नाव एकदाही कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. टीव्हीसमोर बसलेली आजीसुद्धा म्हणते, ‘आता ही कोण नवीन?’

प्रश्न आजीचा असला तरी तो आपल्यालाही पडायला हवा. कारण ही एन्ट्री फक्त मराठी-हिंदी मालिकांची मक्तेदारी नाही. हॉलीवूड, के-ड्रामा, वेब सीरिज, सगळीकडे हा न सांगितलेला ‘एक्स’ अचानक उगवतो. तो का उगवतो, कधी पटतो, कधी डोक्यात जातो आणि हे बघून बघून नात्यांबद्दल आपण नकळत काय शिकतो, हे जरा नीट बघू या.

लेखकाची अडचण

आधी लेखकाची बाजू. डेली सोपमध्ये आठवड्याला पाच, सहा, कधी सात एपिसोड जातात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि वर चॅनलचा शब्द. रेटिंगचे आकडे दर आठवड्याला येतात. आकडा घसरला की नवीन ‘ट्रॅक’ लागतो आणि तो लगेच लागतो. अशा वेळी पूर्वीचं प्रेम फार सोयीचं पडतं. नवा शेजारी आणला, तर त्याची हिरोशी ओळख, मैत्री, मग भांडण, असं सगळं रचत बसावं लागतं. ‘एक्स’ आणला की प्रेम, राग, अपराधीपणा आणि संशय तयार पॅकेजमध्ये मिळतात. एक फ्लॅशबॅक टाकला, काम झालं.

ही युक्ती टीव्हीइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. त्या दिवशी दाखवलेल्या पहिल्याच एपिसोडमध्ये यानाचे डॉक्टर मॅकॉय यांची जुनी प्रेयसी भेटते. (खरं तर ती जिवंतच नसते. तिच्या रूपात माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा प्राणी असतो. काही लोकांना ही आपल्याच एक्सची गोष्ट वाटेल, ते सोडा.) पुढे कॅप्टन कर्कच्या जुन्या मैत्रिणी तर कुठल्या कुठल्या ग्रहांवर आणि तळांवर निघाल्या. त्या काळात प्रत्येक एपिसोड स्वतंत्र असायचा. तासाभरात प्रेक्षकाला गुंतवायचं, तर हिरोचं मन कुठेतरी आधीच गुंतलेलं दाखवणं हा जवळचा रस्ता होता.

कालिदासालाही कारण द्यावं लागलं

मग हे सगळं लेखकाच्या आळसातूनच येतं का? तसं म्हणता येत नाही. कारण आपल्याकडची सर्वांत गाजलेली ‘एक्स’ची एन्ट्री राजदरबारात होते. शाकुंतल आठवा. गांधर्व विवाह करून दुष्यंत राजधानीत परततो. नंतर गर्भवती शकुंतला दरबारात येऊन उभी राहते आणि राजा म्हणतो, मी हिला ओळखत नाही.

महाभारतातल्या मूळ कथेत दुष्यंताला सगळं आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो नाकारतो. कालिदासाने इथे दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. म्हणजे राजा का विसरला, याचं कारण प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. आपण दरबारातला प्रसंग बघतो तेव्हा ‘ही कोण?’ हा प्रश्न फक्त राजाला पडतो, आपल्याला नाही. याच नाटकावरून अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणलं आणि मराठी संगीत नाटकाला मोठी लाट मिळाली. म्हणजे आपल्या रंगभूमीचा एक मोठा अध्यायच एका विसरलेल्या प्रेयसीने सुरू झालाय.

कालिदासाने राजाला जरा जास्तच सोडलं, असं म्हणता येईल. दोष शापावर गेला, राजा स्वच्छ! पण पूर्वीचं माणूस अचानक समोर आलं, तर इतके दिवस त्याचं नाव का नव्हतं, याचं उत्तर गोष्टीत असलंच पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. दोनशे एपिसोडवाल्यांना हे उत्तर द्यावंसंच वाटत नाही.

पटतो तो एक्स

उत्तर दोन प्रकारे देता येतं. पहिला प्रकार म्हणजे आधीच पेरून ठेवणं. ‘फ्रेंड्स’मध्ये मोनिकाचा रिचर्ड आपण दुसऱ्या सीझनमध्ये मनापासून बघितलेला असतो. त्यामुळे २००० साली सहाव्या सीझनच्या शेवटी, चँडलर लग्नाचं विचारायच्या तयारीत असताना रिचर्ड परत येतो, तेव्हा पोटात गोळा येतो. तो माणूस खरा आहे, त्याचं प्रेम खरं होतं, हे आपल्याला माहीत असतं. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘जुळून येती रेशीमगाठी’मध्ये मेघनाचं आधी दुसऱ्याच आदित्यवर प्रेम असतं. हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं आणि नवऱ्यालाही लग्नानंतर कळतं. म्हणून त्या मालिकेतला ताण ‘भांडं फुटेल का?’ एवढ्यावर अडत नाही. मेघनाला आता काय हवंय, या प्रश्नावर तो उभा राहतो.

दुसरा प्रकार अवघड. आधी काहीच सांगायचं नाही, पण सांगितल्यावर मागचं सगळं वेगळं दिसलं पाहिजे. ‘ग्रेज अॅनाटॉमी’च्या पहिल्या सीझनच्या शेवटी, मे २००५ मध्ये, डॉ. डेरेकची बायको अ‍ॅडिसन हॉस्पिटलमध्ये येऊन उभी राहते. मेरेडिथला धक्का, आपल्यालाही. पण मग लक्षात येतं की हा माणूस स्वतःबद्दल बोलणं इतके दिवस टाळत होता. धागा होता, आपण पकडला नव्हता. शिवाय अ‍ॅडिसनला फक्त खलनायिका करून ठेवलं नाही. ती चुकलेली, हुशार, दुखावलेली बाई निघाली. इतकी की २००७ मध्ये तिच्यावर ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ ही वेगळी मालिका निघाली.

आणि या प्रकारातला उस्ताद म्हणजे जेम्स जॉईस. १९१४ च्या ‘डब्लिनर्स’मधली ‘द डेड’ ही शेवटची कथा इंग्लिश लिटरेचरवाल्यांना अभ्यासाला असेल. एक नवरा-बायको पार्टी करून हॉटेलवर येतात. त्याच्या मनात रोमान्स, तिच्या डोळ्यांत पाणी. पार्टीत ऐकलेल्या एका गाण्याने तिला मायकेल फ्युरी आठवलाय. सतराव्या वर्षी गेलेला, तिच्यावर जीव टाकणारा मुलगा. कथेत तोवर त्याचं नावही नाही आणि तो प्रत्यक्ष येऊही शकत नाही. तरी एवढी वर्षं सोबत काढून आपण या बाईला कितीसं ओळखतो, हा प्रश्न नवऱ्याला रात्रभर जागं ठेवतो. विशेष म्हणजे तो तिच्यावर ओरडत नाही. तिला झोप लागते आणि तो खिडकीबाहेर बर्फ बघत राहतो.

तेव्हा पुढच्या एन्ट्रीला दोन प्रश्न विचारा. या माणसाला इथे येण्याचं स्वतःचं काही कारण आहे का? आणि तो आल्याने आधी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ बदलतो का? दोन्हीला ‘नाही’ असेल, तर ते पात्र नसतं, स्पीडब्रेकर असतो.

त्याची एक्स, तिचा एक्स

आता खरी गंमत. म्हणजे गंमत कसली! हिरोची एक्स आली की दोष कुणाचा? तिचाच. ती कारस्थानी, ती घर फोडायला आलेली, हिरो बिचारा भोळा. हिरॉईनचा एक्स आला की दोष कुणाचा? तेव्हाही तिचाच. तिने लपवलं, तिने फसवलं, ‘हिच्या चारित्र्याचं काय?’ म्हणजे प्रेम दोघांनीही केलं असलं तरी घराच्या मधोमध उभं राहून जाब कुठल्या तरी बाईनेच द्यायचा.

परदेशात फार वेगळं आहे असं समजू नका. १९९७ च्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मध्ये जेम्स बाँडची जुनी प्रेयसी पॅरिस येते. आधीच्या कुठल्याच बाँडपटात तिचं नाव नव्हतं. ती खलनायकाची बायको असते, बाँडला मदत करते आणि सिनेमा अर्ध्यावर यायच्या सुमारास मारली जाते. बाँडला चीड यावी एवढंच तिचं काम.

विजय तेंडुलकरांनी हा डाव अर्ध्या शतकापूर्वीच उघडा पाडला होता. १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात लीला बेणारेचा भूतकाळ सगळ्यांसमोर उपसला जातो. तिच्या आयुष्यात आलेला प्रोफेसर दामले नाटकात शेवटपर्यंत येतच नाही. तो ग्रुपमधला आहे, त्याचा उल्लेख होत राहतो, पण तो गैरहजर. जाब एकट्या बाईंना. मालिका एक्सला दारात उभा करतात. तेंडुलकरांनी त्याला आणलंच नाही आणि त्यामुळे बाकीच्यांचे चेहरे जास्त स्पष्ट दिसले.

सांगितलं नाही म्हणजे फसवलं?

हे सगळं मनोरंजन म्हणून सोडून देता आलं असतं. पण कॉलेजच्या कट्ट्यावरची वाक्यं ऐका. ‘तुझा पास्ट मला आधी का नाही सांगितलास?’ ‘लपवण्यासारखं काही नाही, तर पासवर्ड दे.’ ही भाषा आपण कुठून तरी उचललीय. न सांगितलेलं म्हणजे लपवलेलं आणि लपवलेलं म्हणजे फसवलेलं, हे समीकरण रोज रात्री घरोघरी गिरवलं जातं.

खरं तर यात फरक आहे. समोरच्याच्या निर्णयावर थेट परिणाम करणारी गोष्ट दडवणं ही फसवणूक. आधीचं लग्न मोडलेलं नाही, मूल आहे, दुसरं नातं अजून चालू आहे, हे सांगायलाच हवं. डेरेकवर मेरेडिथचा राग म्हणूनच योग्य ठरतो. पण सेकंड इयरला कोण आवडायचं, ब्रेकअप का झाला, किती रडलो, हे ज्याचं त्याने, जमेल तेव्हा, विश्वास वाटेल तेव्हा सांगायचं असतं. हक्क म्हणून वसूल करायचं नसतं.

मालिकांमधला सगळ्यात घातक ट्रॅक तर वेगळाच आहे. हिरॉईनचा एक्स जुने फोटो घेऊन येतो, धमकावतो आणि ती चाळीस एपिसोड गप्प राहते, कारण ‘घरच्यांना कळलं तर?’ प्रत्यक्षात असं कुणाच्या बाबतीत घडलं, तर गुन्हेगार धमकी देणारा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हे स्पष्ट आहे. एखाद्या मुलीने खासगी फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हा. ती स्पष्ट नाही म्हणत असताना वारंवार संपर्क करणं, पाठलाग करणं हा कलम ७८ खाली गुन्हा. मुलगे यात अडकले तर? संमतीशिवाय कुणाचाही नग्न फोटो पाठवण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहे आणि ते मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पोलिसांना ११२ वर फोन करता येतो, महिला हेल्पलाइन १८१ आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते.

आता विचार करा, हिरॉईनने दुसऱ्याच एपिसोडला स्क्रीनशॉट काढून ठेवले, मैत्रिणीला सोबत घेतलं आणि तक्रार केली तर? ट्रॅक संपेल, हे खरं. पण प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या मुलीची खरी रात्र त्याने सुटेल. आणि लेखकाला नाट्य हवंच असेल, तर ते नंतरही भरपूर आहे. घरचे तिच्या बाजूने उभे राहतात की नाही? नवऱ्याचा संशय जातो की नाही? चाळीस एपिसोड तर त्यातही निघतील.

तेव्हा पुढच्या वेळी दारात ट्रॉली बॅग दिसली आणि घरातलं कुणी म्हणालं, ‘हिनेच काहीतरी केलं असणार’, तर टीव्हीचा आवाज जरा कमी करा आणि विचारा, ‘का? तिनेच का?’ जेवणाच्या ताटावर होणारी ती चर्चा त्या एपिसोडपेक्षा नक्की जास्त रंगेल.